भूल उतरायला नक्की किती वेळ लागतो?

पित्ताशयात खडे आहेत, दुर्बिणीतून पित्ताशय काढून टाकू, सकाळी दाखल व्हा आणि संध्याकाळी घरी जा, असं सर्जननी सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात पोटापेक्षा भुलीचेच प्रश्न जास्त होते. मध्येच जाग आली तर? उलट्या होतील का? गुंगीत भलतंसलतं बडबडले तर? ऑपरेशनबद्दल सांगणारे पुष्कळ भेटले, पण भूल उतरताना काय होतं हे कुणी धड सांगेना. "काही नाही गं, झोपतेस आणि उठतेस," एवढ्यावर सगळ्यांचं संपायचं. झोपणं खरंच सोपं निघालं. उठणं मात्र टप्प्याटप्प्याने होतं, आणि आपण कुठल्या टप्प्यावर आहोत हे आपल्यालाच कळत नाही, ही त्यातली खरी गोम.

ऑपरेशनच्या आठवडाभर आधी भूलतज्ज्ञांकडे तपासणी झाली. फाईलवर तिला 'पीएसी' म्हणतात. रक्ततपासण्या आणि ईसीजी घेऊन गेले होते, पण डॉक्टरांचा जास्त वेळ प्रश्न विचारण्यातच गेला. तोंड उघडा, जीभ बाहेर काढा, मान मागे न्या, हे सगळं घशात नळी किती सहज जाईल ते बघण्यासाठी. दात हलतोय का, कवळी आहे का, दोन जिने चढल्यावर धाप लागते का, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का. चालू असलेल्या गोळ्यांची यादी कागदावर लिहून न्या. तिथे ऐनवेळी नावं आठवत नाहीत. रक्त पातळ करणारी, मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधं सांगायलाच हवीत, आणि वजन कमी करण्यासाठी हल्ली जी इंजेक्शनं घेतात तीही. त्या इंजेक्शनांमुळे पोट रिकामं व्हायला जास्त वेळ लागतो आणि मग उपाशी राहण्याचा नेहमीचा हिशेब पुरत नाही. कोणती गोळी त्या दिवशी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची आणि कोणती चुकवायची, हे मी त्यांच्याकडूनच लिहून घेतलं.

मग त्यांनी विचारलं, "गाडी लागते का?" लागते, लहानपणापासून. मला वाटलं, सहज विचारताहेत. पण ऑपरेशननंतर मळमळ होण्याचा अंदाज बांधायला चार गोष्टी बघतात: रुग्ण बाई आहे का, धूम्रपान करत नाही का, गाडी लागते किंवा आधी भुलीनंतर उलट्या झाल्या आहेत का, आणि नंतर अफूवर्गातली वेदनाशामकं लागणार आहेत का. चारही गोष्टींना 'हो' असेल तर मळमळीची शक्यता ८० टक्क्यांच्या आसपास जाते, एकही नसेल तर १० टक्क्यांच्या. सिगारेट न ओढण्याची शिक्षा मिळावी असं ठिकाण जगात हे एकच असावं. माझे चारही गुण जमले, म्हणून उलटीवरची एकापेक्षा जास्त औषधं आधीच द्यायची असं डॉक्टरांनी फाईलवर लिहिलं. हा प्रश्न तुम्हाला कुणी विचारला नाही तर आपणहून सांगा.

संमतीपत्रं दोन होती, ऑपरेशनचं वेगळं आणि भुलीचं वेगळं. शिवाय सोबत येणाऱ्या माणसाचं नाव आणि फोन नंबर लिहायचा एक फॉर्म. तो फॉर्म कोरा असेल तर त्या दिवशीचं ऑपरेशन रद्द करतात. सोबत म्हणजे घरी नेऊन सोडणारं माणूस नव्हे, रात्रभर घरात राहणारं सज्ञान माणूस. मी बहिणीचं नाव दिलं. खर्चाच्या अंदाजपत्रकात भूलतज्ज्ञांची फी स्वतंत्र ओळीत होती. आणखी एक गोष्ट विचारून घ्या: संध्याकाळी सोडता आलं नाही आणि रात्रभर ठेवावं लागलं तर तो खर्च कशात धरतात, आणि विम्याची मंजुरी 'डे-केअर'पुरतीच आहे की मुक्कामालाही चालते? मी विचारलं तेव्हा काउंटरवर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, तिसऱ्याला फोन लावला आणि मग कुठे उत्तर मिळालं.

सर्जरी त्याच दिवशी आटोपून घरी पाठवणं ही आजची टूम आहे असं माझ्या सासूबाईंचं मत होतं. ते खरं नाही. ग्लासगोचे डॉ. जेम्स निकोल यांनी लहान मुलांवरच्या जवळपास नऊ हजार शस्त्रक्रिया बाह्यरुग्ण विभागात केल्याचा अहवाल १९०९ मध्येच प्रसिद्ध केला होता. मधल्या काळात भुलीची औषधं बदलली. लवकर चढणारी आणि लवकर उतरणारी औषधं आली म्हणून आता पित्ताशयासारखं ऑपरेशनही एका दिवसात बसतं. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "तरी रात्रभर ठेवून घ्यायला हवं." त्यांच्या काळजीवर १९०९ चा इलाज चालला नाही.

उपाशीपोटीचा नियम साधारण असा: तळलेलं किंवा जड जेवण आठ तास आधी, हलकं खाणं सहा तास आधी, आणि पाणी किंवा ज्यातून आरपार दिसतं असं पेय दोन तास आधीपर्यंत. दूध घातलेला चहा पातळ असला तरी या हिशेबात खाण्यातच मोडतो. रात्री बारानंतर थेंबही नाही असं मला घरच्यांनी बजावलं होतं, पण डॉक्टरांनी पहाटे पाणी प्यायला सांगितलं होतं आणि मी प्यायले. तुमच्या डॉक्टरांनी वेगळी वेळ दिली असेल तर तीच पाळायची. पोटात काही राहिलं आणि ते भुलीत वर येऊन फुप्फुसात गेलं, तर जिवावर बेतू शकतं.

गुरुवारी सकाळी सातला दाखल झाले. नेलपॉलिश आदल्या दिवशीच काढून ठेवलं होतं, कारण बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा त्याने फसू शकतो. दागिने, चष्मा आणि फोन बहिणीकडे दिले. मग जो येईल तो नाव विचारी, जन्मतारीख विचारी, कसलं ऑपरेशन ते विचारी. चौथ्यांदा विचारल्यावर मला शंका आली की यांना खरंच माहीत नाही की काय. ती पद्धतच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी तपासयादी काढली. तिच्यात भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्णाला ओटीबाहेर, म्हणजे ऑपरेशन थिएटरबाहेर, नेण्याआधी थांबून खात्री करायची असते. त्यामुळे न कंटाळता प्रत्येकाला उत्तर द्या.

सातची मी साडेदहाला आत गेले. आधीचं ऑपरेशन लांबलं होतं. एवढा वेळ थांबावं लागेल असं आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. भुकेपेक्षा नुसतं बसून राहण्याचाच त्रास जास्त होता.

ओटी गार होती. छातीला चिकटपट्ट्या, दंडाला पट्टा, बोटाला चिमटा. तोंडावर मास्क धरून भूलतज्ज्ञ म्हणाल्या, "नुसता ऑक्सिजन आहे, खोल श्वास घ्या." मास्कला प्लॅस्टिकचा वास होता. "आता हाताला जळजळेल, घाबरू नका." सलाईनच्या नळीतून प्रोपोफॉल हे झोपवणारं पांढरंशुभ्र औषध आत सरकताना मी पाहिलं. मनगटापासून कोपरापर्यंत खरंच जळजळलं. छतावरच्या दिव्यातले बल्ब मोजावेत असं मनात आलं.

त्यानंतर थेट माझं नाव ऐकू आलं. झोपेतून उठल्यावर किती वेळ गेला याचा अंगाला काहीतरी अंदाज असतो. इथे तसं काहीच नव्हतं. दोन पानं चिकटून मधला मजकूरच गायब व्हावा, तसे ते दोन क्षण एकमेकांना येऊन भिडले होते. आधी आवाज आले. कुणीतरी ट्रॉली ढकलत होतं, यंत्र टिकटिकत होतं, आणि "डोळे उघडा, ऑपरेशन झालं तुमचं" हे वाक्य बऱ्याच लांबून येत होतं. डोळे उघडायचे म्हणजे काय करायचं हे कळत होतं, पण पापण्या ऐकत नव्हत्या.

समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. त्याचे काटे मला स्पष्ट दिसत होते. लहान काटा बारापाशी, मोठा त्याच्या जरा पुढे. पण त्यावरून किती वाजले हे काही केल्या जुळेना. मी काटे पुन्हा पुन्हा पाहत राहिले. जागी असणं आणि डोकं चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या घड्याळासमोर समजलं.

मग थंडी सुरू झाली. दात एकमेकांवर आपटायला लागले आणि मला वाटलं, काहीतरी बिघडलं. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "होतं असं," आणि त्यांनी अंगावर गरम हवेने फुगणारं पांघरूण टाकून यंत्र चालू केलं. भुलीमुळे त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, शरीराच्या आतली ऊब हातापायांकडे पसरते आणि पहिल्या तासाभरातच आतलं तापमान अंशभर तरी उतरतं. शुद्ध येताना शरीर ते भरून काढू लागतं. ही कारणं मला नंतर कळली. आधी माहीत असती तर त्या पाच मिनिटांत एवढी धास्तावले नसते. घसा नळीमुळे खवखवत होता, आणि तोंडाला अशी कोरड होती की जीभ टाळूला चिकटत होती. लाळ कमी करणारं औषध देतात, त्याचा हा परिणाम. आणि मला रडू येत होतं. वाईट काहीच वाटत नव्हतं, नुसतं पाणी वाहत होतं डोळ्यांतून. पलीकडच्या बेडवरचे आजोबा तर हसत होते. तेही चालतं म्हणे.

"दहापैकी किती दुखतंय?" या प्रश्नाला मी "माहीत नाही" म्हणाले. तेव्हा सिस्टरनी तो असा फिरवला: "या दुखण्यात खोल श्वास घेता येतो का? खोकता येईल का?" येत नव्हतं. लगेच इंजेक्शन मिळालं. सोसून दाखवण्यात काही अर्थ नाही. श्वास उथळ राहिला तर फुप्फुसाचा तळ नीट फुलत नाही. मळमळ मात्र आलीच, सगळी औषधं दिलेली असूनही. सिस्टरनी इंजेक्शन भरता भरता स्पिरिटचा बोळा नाकाशी धरला आणि हळूहळू हुंगायला सांगितलं. मला तो गावठी उपाय वाटला होता, पण त्यावर अभ्यास झालेले आहेत आणि बऱ्याच जणांना त्याने उतार पडतो. मलाही पडला.

रिकव्हरीतून बाहेर सोडायला तिथे गुण देतात. अ‍ॅल्ड्रेट नावाच्या डॉक्टरांची ही पद्धत १९७० पासून चालत आली आहे: हातपाय हलवणं, श्वास, रक्तदाब, शुद्ध आणि ऑक्सिजन. प्रत्येकाला शून्य ते दोन, एकूण दहा. नऊ झाले की पुढच्या खोलीत. तिथे खुर्चीत बसवतात, आणि परीक्षा दुसरी असते. चक्कर न येता चालता येतं का, मळमळ आणि दुखणं आटोक्यात आहे का, टाक्यांतून रक्त येतंय का. पहिल्यांदा पाय खाली सोडले तेव्हा खोली एका बाजूला कलली. सिस्टरनी परत टेकवलं आणि अर्ध्या तासाने पुन्हा उठवलं. घाई करू नका. आधी कुशीवर, मग बसायचं, मग पाय लोंबकळत ठेवून जरा थांबायचं आणि मग उभं राहायचं. लघवी झाल्याशिवाय मला सोडणार नव्हते. बाथरूमचं दार आतून लावू नका असं बजावलं होतं आणि बहीण बाहेर उभी होती.

सर्जन येऊन गेले. मी त्यांना ऑपरेशन कसं झालं ते विचारलं, त्यांनी सांगितलं, मी मान डोलावली. हे मला बहिणीने सांगितलं. माझ्या आठवणीत सर्जन आलेलेच नाहीत. वर तिच्या म्हणण्याप्रमाणे मी अगदी नीट, पूर्ण वाक्यांत बोलत होते. भुलीआधी चिंता कमी करायला जे औषध देतात त्याने नवीन आठवणी काही काळ टिकत नाहीत, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते अजिबात कळत नाही. म्हणून डिस्चार्जच्या सूचना सोबतच्या माणसाने ऐकायच्या आणि लिहून घ्यायच्या. बहिणीने वही आणली होती. तिच्यात प्रत्येक औषध, वेळ, टाके कधी दाखवायचे, तातडीचा नंबर, सगळं होतं. एका पानावर तिने लिहिलं होतं, "ताईने 'दगड दाखवा' असं पुन्हा विचारलं." खडे एका डबीत घालून माझ्या हातात दिलेले होते.

मी दुपारी चारलाच जायला तयार होते, म्हणजे मला तसं वाटत होतं. विम्याची अंतिम मंजुरी यायला सात वाजले. तोवर खुर्चीत बसून डुलक्या काढल्या. कागदपत्रांवरच्या शेवटच्या सह्या बहिणीने केल्या हे बरं झालं. भूल दिल्यापासून निदान चोवीस तास गाडी चालवायची नाही, मद्य घ्यायचं नाही, यंत्राशी किंवा शेगडीशी काम नाही, लहान मूल एकट्याने सांभाळायचं नाही आणि महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही, असं डिस्चार्जच्या कागदावर छापलेलंच होतं. त्याच कागदावर माझी सही घ्यायला काउंटरवरचा मुलगा पेन पुढे करत होता.

गाडीत पोट आणि सीटबेल्ट यांच्यामध्ये उशी धरली आणि मांडीवर उलटीची पिशवी ठेवली. घरी पोचल्यावर पोटापेक्षा उजवा खांदा दुखायला लागला. हे कुणी सांगितलं नाही तर माणूस घाबरतोच. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात. थोडा वायू मागे राहतो, श्वासपटलाला त्रास देतो, आणि तिथली मज्जातंतू मानेतून जिथून निघते तिथूनच खांद्याकडचीही निघते, म्हणून मेंदूला दुखणं खांद्यात वाटतं. घरात हळूहळू चालल्याने आणि शेकाने आराम पडला. दोन-तीन दिवसांत ते गेलं.

पहिल्या रात्री झोप लागली नाही. दिवसभर झोपवून ठेवलेलं माणूस रात्री टक्क जागं, गाल लाल. उलटीसाठी दिलेल्या औषधांत एक स्टेरॉइड असतं, त्याने असं होऊ शकतं. वेदनाशामक गोळी दुखायला लागल्यावर घेण्यापेक्षा पहिले दोन दिवस सांगितलेल्या वेळेला घेतली. मात्र दोन वेगळ्या गोळ्यांत पॅरासिटामॉलच नाही ना, हे पाकिटावर वाचून बघा. खोकताना पोटावर उशी दाबून धरायची. बद्धकोष्ठ होतंच, त्याचं औषध डिस्चार्जच्या वेळीच मागून घ्या, कारण ते यादीत नसतं.

शुक्रवारी सकाळी मला एकदम ठणठणीत वाटलं. ऑफिसच्या दोन मेलना उत्तरं दिली. बहिणीने फोन काढून घेण्याआधी मी जे लिहिलं होतं ते सोमवारी वाचलं. चूक काही नव्हती, पण एकच परिच्छेद दोनदा होता. दुपारनंतर थकव्याने अशी काही पडले की संध्याकाळीच उठले. पुढचे दोन-तीन दिवस नेमका शब्द जिभेवर येऊन अडायचा, वाचलेलं पान परत वाचावं लागायचं. मग तेही सरलं. औषध रक्तातून लवकर उतरतं, पण ऑपरेशनचा ताण, तुटलेली झोप आणि दुखण्याच्या गोळ्या यांचा एकत्र परिणाम मागे राहतो. वयस्कर माणसांत हा गोंधळ जास्त आणि जास्त दिवस राहू शकतो. आईवडिलांना नेणार असाल तर शुद्धीवर येताच त्यांचा चष्मा आणि श्रवणयंत्र त्यांना परत द्या, आणि ओळखीचं माणूस जवळ राहू द्या. निम्मा गोंधळ तर न दिसण्या-ऐकण्यातूनच वाढतो.

बायकांसाठी एक गोष्ट, जी मला कुणी आपणहून सांगितली नाही. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा परिणाम उलटवायला सुगामाडेक्स नावाचं औषध वापरलं असेल तर गर्भनिरोधक गोळ्या किंवा हार्मोनवर चालणारी इतर साधनं काही काळ कमी परिणामकारक होतात. त्यानंतर सात दिवस दुसरं साधनही वापरायला सांगतात. ते दिलं होतं का, हे भूलतज्ज्ञांना विचारा.

घोटभर पाणीही टिकत नसेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, श्वास लागत असेल, ताप आला, पोटरी सुजून दुखू लागली किंवा डोळे पिवळे दिसायला लागले, तर सकाळची वाट न बघता तातडीच्या नंबरवर फोन करायचा. आमचा नंबर बहिणीने फ्रिजवर चिकटवला होता. वापरावा लागला नाही.

टाके दाखवायला गेले तेव्हा डिस्चार्ज समरी पुन्हा वाचली. भुलीबद्दल तिच्यात दोनच अक्षरं होती: 'जीए', म्हणजे जनरल अ‍ॅनेस्थेशिया, पूर्ण भूल. रेकॉर्ड विभागात अर्ज करून भुलीच्या तक्त्याची प्रत मागितली. ओळखपत्राची झेरॉक्स आणि कारण लिहून द्यावं लागलं, "कशाला हवंय?" याचं उत्तर दोनदा द्यावं लागलं, आणि चार दिवसांनी प्रत हातात आली. त्यात कोणतं औषध किती दिलं, घशातली नळी कितीच्या मापाची होती, ती सहज गेली की नाही, नंतर काय त्रास झाला आणि तो कशाने थांबला, हे सगळं आहे. पुढच्या वेळी दुसऱ्या कुठल्या भूलतज्ज्ञांपुढे बसले तर त्यांना हाच कागद लागेल. फाईलमध्ये तो सगळ्यात वर लावलाय, आणि कोपऱ्यात पेनाने लिहिलंय: गाडी लागते.